इंटरव्हलनाना

"अहो, पण विहिरीत कोण होतं, ते तरी सांगून जा!"

शेअर रिक्षातून अर्धं अंग बाहेर काढून एक गृहस्थ ओरडत होते. मागे हॉर्नचा कल्लोळ उसळला होता, रिक्षावाला त्यांना सदऱ्याला धरून आत खेचत होता, आणि ज्याच्या नावानं हा शंख चालला होता तो माणूस जूचंद्रच्या नाक्यावर उतरून, उरलेली चिल्लर खिशात टाकून, निवांत गल्लीत शिरला होता. त्यानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्या गृहस्थांचा स्टॉप केव्हाच मागे गेला होता, हे त्यांना आणखी पुढे गेल्यावर कळलं असणार. गल्लीत शिरलेला तो माणूस म्हणजे आमचे इंटरव्हलनाना.

नाना सिनेमाच्या आणि मालिकांच्या पटकथा लिहीत. खरं सांगायचं तर अर्ध्याच लिहीत. मध्यंतरापर्यंतची गोष्ट त्यांना अशी सुचायची की ऐकणाऱ्याचा घास तोंडातच सुकावा. त्यापुढे मात्र डोक्याला टाळं. घरीसुद्धा तीच तऱ्हा. "आज डॉक्टर म्हनाला..." एवढं बोलून ते आंघोळीला जात, आणि नानी बाथरूमच्या दाराशी देवाचा धावा करत उभ्या राहत. मी नायगावच्या टॉवरात नवा राहायला आलो आणि त्यांचे संवाद लिहून देऊ लागलो, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला, की नाना, दुसरा भाग येतो कुठून? नाना म्हणाले, "गोष्ट म्हंजे कोंबडी रे. सकाली सोडून द्यायची. संध्याकाली आपली आपन घरी येते, वर अंडं घालते."

ही कोंबडी सोडण्याची त्यांची पद्धत अशी. नायगाव स्टेशनवर शेअर रिक्षात मधली जागा धरायची, बंद मोबाइल कानाला लावायचा आणि खालच्या आवाजात, पण ड्रायव्हरलाही ऐकू जाईल असं म्हणायचं, "काय सांगतोस, विहिरीत? आनि बांगड्या तिच्याच?" बस. फोन खिशात गेला की आजूबाजूचे लोक विचारल्याशिवाय राहत नसत, आणि नाना जड मनानं, जणू घरातलंच दुःख आहे अशा थाटात, मध्यंतरापर्यंत सांगत आणि उतरून जात. संध्याकाळी अर्नाळ्याची मावरंवाली दारात मासळीची पाटी उतरवायची आणि नानांनाच विचारायची, "नाना, आयकलं का? त्या विहिरीत तिचा दीर व्हता." नाना "अरे देवा" म्हणत ऐकत, बोंबील घेत आणि आत येऊन मला म्हणत, "लिही, दीर." एकदा एक साधी कौटुंबिक गोष्ट विरारपर्यंत जाऊन वसईमार्गे परतली, तेव्हा तिला तीन गाणी, एक जुळा भाऊ आणि कोर्टाचा सीन लागला होता. ती मालिका इतकी चालली, की तिच्या वेळेला आमच्या टॉवरात कुणी पाण्याचा टँकर आला तरी खाली उतरत नसे.

विकायला बसले की नाना लोण्याहून मऊ. निर्माता म्हणाला, मिठागर नको, तर नाना म्हणत, "मीठ काढतो, साखर कारखाना टाकतो." आजी नको? मारतो. कुत्रा हवा? आणतो. मिठागरातल्या एका विधवेची गोष्ट घेऊन आम्ही अंधेरीला गेलो आणि चहा संपेपर्यंत ती दिल्लीच्या पायलटची झाली. बाहेर आल्यावर नाना खूश. "आपली खाडीची भरती ठेवली ना त्यांनी, मंग झालं." दिल्लीत भरती कुठून येणार, हे मी विचारलं नाही. त्यांना विकली गेलेली गोष्ट हीच चांगली गोष्ट वाटे.

आणि या एकाच सवयीनं त्यांचं घर फोडलं. एकुलता एक मुलगा, निलेश. त्याचा साखरपुडा मोडला. मुलीचं मन दुसरीकडे होतं. घरात कुणी कुणाशी बोलेना. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना रिक्षात बसले, हात खिशाकडे गेला आणि मोबाइल कानाला लागला. मुद्दाम नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. त्या संध्याकाळी मावरं घ्यायला थाळी घेऊन दारात आला तो निलेशच. मावरंवालीनं त्याला त्याचीच गोष्ट सांगितली, दुसऱ्या भागासकट. त्यात त्या पोरानं खाडीत उडी टाकली होती. निलेशनं थाळी उंबऱ्यावर ठेवली, बॅग भरली आणि निघून गेला. विरारला कुठल्याशा कंपनीत लागला, इतकंच कळलं. फोन उचलेना. नाना मला एवढंच म्हणाले, "पन गोष्ट चांगली होती रे," आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर बराच काळ नानांनी काही लिहिलं नाही. मग एका सकाळी, मी शेजारीच बसलेला असताना, मोबाइल पुन्हा कानाला लागला. "काय सांगतोस? पोरगं घर सोडून गेलं? पानीसुद्धा न पिता?" बापानं पोराची गोष्ट बाजारात मांडली म्हणून तो गेला, हेही त्यांनी सगळ्या रिक्षाला सांगितलं, काही न लपवता. मी तीच गोष्ट निर्मात्याच्या कानावर घातली. तो खुर्चीतून उठला. म्हणाला, दुसरा भाग आणा, त्याच दिवशी सह्या.

दुसरे भाग काय, ढिगानं आले. कुणी पोराला दुबईत डॉन केलं, कुणी बापाला आंधळा करून देवळात डोळे परत दिले, मावरंवालीनं तर बापाला सरळ मारूनच टाकलं. मिठाची साखर करणारा हा माणूस प्रत्येकाला मान हलवायचा. "नाय. ही नाय." आणि ज्या विरारमध्ये त्यांचं कवडीचं काम नव्हतं, तिथल्या रिक्षांत दिवसभर इकडून तिकडे फिरायचा. निर्माता मला फोन करून करून थकला. मी नानांना समजावून थकलो. कोंबडी कुणासाठी सोडली होती, हे मला फार उशिरा उमगलं.

एका रविवारी दुपारी नानी भाकऱ्या थापत होत्या, मी लॅपटॉप उघडून नानांशी हुज्जत घालत होतो, आणि दारात निलेश उभा राहिला. वाळला होता. चपला न काढताच म्हणाला, "बाबा, मी पानी न पिता नव्हतो गेलो. चाय पिऊन गेल्तो. विरारच्या रिक्षात सगळे मलाच चुकीचं सांगतायत." नानींचा हात परातीतच थांबला. नाना म्हणाले, "बस." तो बसला. चौघं जेवलो.

नाना आता नाहीत. अजूनही रिक्षात कुणी फोनवर आवाज खाली आणला की मी त्याच्याकडे सरकतो. हल्ली बहुतेक वेळा तो खरंच कुणाच्या तरी कर्जाचा फोन निघतो, आणि मी आपला स्टॉप येताच उतरून जातो.

पण त्या दुपारी निलेश हात धुवायला मागे गेला, तसा मी नानांच्या कानाशी लागलो. म्हटलं, नाना, मिळाला की दुसरा भाग. संध्याकाळी लिहायला बसू, उद्या सह्या.

नाना बोंबलाचा काटा ताटाच्या कडेला ठेवत म्हणाले, "बाप बस म्हनाला, पोरगा बसला. हे कोन विकत घेनार?"