राष्ट्राची व्याख्या आणि दाराला कुलूप

नव्वदच्या दशकात निमगाव केतकीच्या शाळेत मी मुलांना गणित शिकवायची आणि रविवारी त्याच वर्गात आठ-दहा मोठ्या माणसांना राष्ट्र. खादीची साडी, खांद्याला शबनम, आणि ज्ञान तर झोळीत मावत नसे. आज ती बाई भेटली तर मी तिचा कान धरीन. उदारमतवादी म्हणतात, राष्ट्र म्हणजे सोबत राहायचं ठरवलेल्या माणसांचा करार. समाजवादी म्हणतात, करार कसला. ज्यांच्या घामावर देश चालतो त्यांच्या हाती तो येईपर्यंत राष्ट्र कागदावरच. हे मी अशा थाटात सांगायची, जणू त्या विचारवंतांनी मला विचारूनच लिहिलं होतं.

त्या दिवसांत एका हिवाळ्यात आम्हा शिक्षकांना मतदारयाद्या तपासायला घरोघर धाडलं. एका मेंढपाळ कुटुंबाच्या दाराला कुलूप. दिवाळी झाली की ही माणसं मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परततात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण मी नियम वाचलेली. सगळ्या नावांवर रेघ मारली आणि पुढं ठळक लिहिलं, 'स्थलांतरित'.

पावसाळ्यात त्या घरची कारभारीण परतली. ग्रामपंचायतीत बाईसाठी राखीव जागा निघाली होती, तिला उभं राहायचं होतं. अर्ज भरायला गेली तर यादीत नावच नाही. रविवारी ती माझ्या वर्गात येऊन मागं बसली. करार, घाम, सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "बाई, त्या करारातनं मला कुणी काढलं?"

मी म्हणाले, हा व्यवस्थेचा दोष आहे. असली वाक्यं तेव्हा मला पाठ होती.

"व्यवस्थेचं अक्षर तुमच्यावानीच हाय की. चावडीत यादीची वही बघून आले."

ओळखणारच. साक्षरता वर्गात तिला वाचायला मीच शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन इंदापूरला तहसील कचेरीत गेले. नाव लागलं, पण अर्जाची मुदत उलटल्यावर. जागा एका बागायतदाराच्या सुनेला बिनविरोध गेली. पुढच्या रविवारी घसा बसलाय, असं मी वर्गाला कळवलं.

दिवाळीनंतर कळप रस्त्याकडेला थांबवून ती माझ्या दारात आली. "लिवून द्या. आमी जातुया, पन परत येनार हाय."

मी लिहून दिलं. तिनं बोट फिरवत दोनदा वाचलं, खाली माझी सही घेतली, कागद पोलक्यात खोचला आणि मगच मेंढरांना हाळी दिली.