खाडाखोडीवर सही

एम. पी. नगरातल्या फ्रेंचच्या क्लासात ते माझ्या शेजारी बसायचे. निवृत्त सरकारी अधिकारी, आणि हे कुणाला विसरू देतील तर शपथ! नाव मी मुद्दामच विचारलं नाही. विचारलं असतं, तर हुद्द्यासकट ऐकावं लागलं असतं.

मॅडमनी पूर्वीच्या सवयी सांगायचा भूतकाळ शिकवायला घेतला. क्रियापदाचं वर्तमानकाळातलं ‘आम्ही’चं रूप घ्यायचं, त्याची शेपटी तोडायची आणि नवी जोडायची. कॉलेजची पोरं पाच मिनिटांत उरकून मोबाइलकडे वळली. हे गृहस्थ मात्र फुटपट्टी लावून शेपटी खोडत आणि प्रत्येक खाडाखोडीशेजारी छोटी सही ठोकत, फायलीत करतात तशी.

“दस्तखत न हो, तो बाद में कोई भी कुछ जोड़ देता है,” त्यांनी मला गंभीरपणे समजावलं. फ्रेंच व्याकरणात घोटाळा करायला जणू रांगच लागली होती.

मग त्यांनी आपली वाक्यं खड्या आवाजात वाचली. मी आदेश द्यायचो. लोक बाहेर वाट बघायचे. मी आत काम करायचो. एकही शेपटी चुकली नव्हती, हे मला जास्तच झोंबलं.

“बहुत बढ़िया,” मॅडम म्हणाल्या. “और आजकल आप क्या करते हैं?”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. मी तोंडासमोर वही धरून मनसोक्त हसलो.

मॅडम माझ्याकडे वळल्या. “और आप?”

बँकेतून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झालीत. ती वही खाली घ्यायला मला बराच वेळ लागला.