त्यांचा सावन, आमचा आषाढ

समोरच्या दीदींकडे मटण शिजायला लागलं की आमच्या घरातली माणसं गप्प होतात. मी वाढवून सांगत नाही. नवरा पेपर खाली ठेवतो, खिडकीकडे बघतो आणि काही न बोलता पेपर पुन्हा वर उचलतो. तो काही बोलला असता तर मी भांडले तरी असते.

सिविल लाइंसचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही या कॉलनीत आलो तेव्हा पाणी, वीज, कामवाली, सगळ्याची सोय लगेच लागली. मटणवाला मिळेना. चौकातला पहिला तोंडाने गोड होता, पण वर चांगले तुकडे मांडून खाली चरबी आणि चामट पडदे सरकवायचा. त्याच्या पलीकडचा बकरा म्हणून काय विकायचा ते त्यालाच ठाऊक. कुकरच्या शिट्ट्या मोजून मोजून मी दमले, तो तुकडा काही दाताला दाद देईना. मासळीचं तर बोलायलाच नको. बरगी धरणातली ताजी रोहू म्हणून एका बाईने माझ्या गळ्यात मारली, त्या माशाच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यासारखा पांढरेपणा होता आणि वास दोन दिवस ओट्यावरून गेला नाही.

शेवटी नाइलाज म्हणून मी दीदींना विचारलं. समोरचं घर कायस्थांचं, मटणाच्या बाबतीत पिढीजात दर्दी. मला वाटलं, पत्ता सांगताना बाई आढेवेढे घेतील. मी असते तर नक्कीच घेतले असते. त्या मला स्कूटीवर मागे बसवून थेट दुकानात घेऊन गेल्या. "भैया, ये हमारी भाभी हैं, सामने रहती हैं. इनको अच्छा देना." मटणवाल्याने मान हलवली. माझा शोध संपला असं मला त्या दिवशी खरंच वाटलं होतं.

पण दुकान तेच, बकरा तोच, सकाळही तीच, आणि दीदींच्या पिशवीत चांपा, पुठ्ठा, वर एक भरलेली नळी. माझ्या पिशवीत मान आणि बरगड्या. "भाभी, आज यही अच्छा है," असं तो मला इतक्या आदराने सांगायचा की भांडताही येऊ नये. दीदी तिथल्या स्टुलावर ठाण मांडून बसतात, आज काय करणार ते सांगतात, त्याच्या अम्मीच्या गुडघ्यांची चौकशी करतात. मीही एकदा केली. "अच्छी हैं," तो म्हणाला आणि मानेचा तुकडा तराजूत टाकला.

हे सगळं मी गिळलं असतं. पण आमचा मुलगा तेव्हा अकरावीत होता आणि क्लासहून येताना आधी समोरच्या घरात शिरायचा. त्यांच्या स्वयंपाकघरात उभा राहून तो तळलेला कांदा खायचा, मग दह्यातल्या मटणाचा रस्सा, मग घरी येऊन म्हणायचा, भूक नाही. माझं मटण विदर्भातलं, आईकडून आलेलं. खोबरं, खसखस, तीळ काळपट होईपर्यंत भाजायचे, पाट्यावर नाही तर मिक्सरवर, पण अगदी लोण्यासारखे वाटायचे. ते तो खायचा, नावं कधी ठेवली नाहीत. पण पुढे त्याच्या लग्नात सुनेच्या माहेरच्यांनी, पाटनच्या त्या हिंदी मंडळींनी, हौसेने विचारलं की जावईबापूंना काय आवडतं, तर हा सगळ्यांसमोर म्हणाला, "आंटी के हाथ का मटन." मी शेजारीच पेढ्यांचं ताट घेऊन उभी होते. मला दीदींचा हेवा वाटतो हे मला माहीत होतं. त्या दिवशी तो हेवा ताटासकट हातात जड झाला.

वर्षातला एकच काळ मात्र माझा असतो. इथल्या हिंदी लोकांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो. आमचा श्रावण अमावस्येनंतर. मधले पंधरा दिवस त्यांचा सावन आणि आमचा आषाढ. सगळी कॉलनी मटण सोडते, दीदी तर त्या गल्लीतूनही जात नाहीत, आणि दुकानात उरतो आम्ही, चार मराठी घरं आणि बंगाली. स्टूल रिकामं असतं. मी त्याच्यावर बसते. "बोलिए भाभी, क्या दूँ?" असं तो मला विचारतो, आणि मी बोट दाखवते, आणि जिथे बोट दाखवते तिथूनच सुरी चालते. त्या दिवसांत पिशवी हलवत घरी येताना मी मुद्दाम दीदींच्या फाटकावरून येते.

यंदा मुलगा आणि सून नेमके त्याच दिवसांत आले. दोघांनाही घरून काम करायची परवानगी मिळाली होती, महिनाभराहून जास्त राहणार होते. मला तर देव पावल्यासारखं झालं. समोरचं स्वयंपाकघर बंद, मटणवाला माझा, मुलगा घरात. या खेपेला त्याच्या तोंडून वदवून घ्यायचंच, असं मी ठरवलं.

रविवारी मी दुकान उघडताना हजर होते. पुठ्ठा घेतला, चांपा घेतल्या, नळ्या घेतल्या. त्या दिवशीसारखं मटण मी आयुष्यात केलेलं नाही. तेल वर आलं, रंग हवा तसा काळपट तांबडा आला, तुकडा बोटाने सुटत होता. पानं वाढली. मुलगा येऊन बसला आणि ताटाकडे बघून त्याने बायकोकडे बघितलं.

"आई, मी नाही खाणार," तो म्हणाला. "हमारा सावन चल रहा है ना."

"काहून? आपला अजून आषाढ आहे."

"तो है. पण हिच्यासोबत मी पण धरला आहे या वर्षी. चलो, दाल आहे ना? दाल देऊन दे."

सून बिचारी ओशाळली. "मम्मी जी, मैंने तो कहा था इनसे, पहले बता दो." मी तिला म्हटलं, त्यात काय एवढं, आणि दोघांना वरण वाढलं. मुलाने आपल्या बायकोचं व्रत धरलं यात वाईट काहीच नाही, शहाणी आई कौतुक करील. मला कौतुक वाटलं नाही. मला इतकंच दिसत होतं की वर्षातले माझे म्हणून जे पंधरा दिवस होते, त्यांतून माझा मुलगा उठून पलीकडे जाऊन बसला होता. नवऱ्याने ते मटण दोन दिवस चवीने खाल्लं. त्याच्या तोंडच्या स्तुतीचा मला काडीचाही उपयोग नव्हता.

मग अमावस्या झाली, आमचा श्रावण लागला. आणि राखीला त्यांचा सावन संपला. हा उरलेला पंधरवडा दर वर्षी माझ्या जिवावर येतो, कारण तेव्हा समोरून वास यायला लागतो आणि आमच्याकडे भगर शिजत असते. राखीच्या संध्याकाळी दीदी फाटकात उभ्या राहून म्हणाल्या, "भाभी, संडे को बच्चों को मेरे यहाँ भेज देना खाने पर. आपका तो चलेगा अभी, बच्चे कब तक मुँह बाँधे बैठेंगे?"

मुलगा आतून ओरडला, "पक्का, आंटी!" इतक्या मोठ्याने तो माझ्या हाकेला कधी ओ देत नाही.

मी हो म्हटलं. नाही कशाला म्हणणार? पण रात्रभर माझ्या डोळ्यांसमोर तेच. महिनाभर थांबलेलं माझ्या पोराचं तोंड, आणि त्यात पहिला घास दीदींचा. मी इथेच, आपल्या घरात, शेंगदाण्याची आमटी ढवळत. लग्नात म्हणाला ते एकवेळ ठीक, तेव्हा पोरकट होता. पण हे नाही. पहिला घास माझाच.

रविवारी सकाळी मी दुकानात गेले. लग्न झाल्यापासून श्रावणात मी मटणाच्या दुकानाची पायरी चढले नव्हते. दीदी अर्थातच स्टुलावर होत्या आणि त्यांची पिशवी भरून झाली होती. मला बघून त्या चकित झाल्या, उठून मला जागा दिली आणि गेल्या. मटणवाला सुरी हातात धरून थांबला.

"भाभी, आपका तो अभी चल रहा है."

"मेरा चल रहा है," मी म्हटलं. "बेटे का खतम हो गया."

त्याने सुरी खाली ठेवली. मग आत गेला आणि चांगला तुकडा घेऊन आला. मी बोट दाखवायची वेळच आली नाही.

घरी मागच्या पडवीत मी वेगळी शेगडी मांडली, वेगळी भांडी काढली. नवरा दारात येऊन उभा राहिला. "श्रावणात?"

"मी खाऊन नाही राहिली, करून राहिली," मी म्हटलं. तो पेपर घेऊन गच्चीवर गेला.

मीठ चाखायची सोय नव्हती. अंदाजाने घातलं, वासावरून ओळखलं. जेवायच्या वेळेच्या बऱ्याच आधी मी दोघांना हाक मारली. मुलगा आला, त्याने झाकण उचललं.

"आई, तू तर खाणार नाही ना? मग काहून केलं? आंटीकडे जायचं आहे आम्हाला."

"म्हणूनच केलं," मी म्हटलं. "तिच्याकडे आधी खाऊ नको म्हणून."

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला आणि पाटावर बसला. पोळी मोडून पहिला घास त्याने घेतला, दुसरा घेतला, रस्सा मागून घेतला. सुनेनेही घेतला. तो चांगलं झालंय म्हणाला नाही आणि मी विचारलंही नाही, कारण त्याचं तोंड भरलेलं होतं आणि ते मी भरलं होतं. दुपारी दोघं समोर गेली आणि लवकरच परत आली. "आंटीकडे थोडंच घेतलं," पोटावर हात ठेवून तो म्हणाला. "जागाच नव्हती." मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी भांडी घासायला घेतली.

त्याच्या मागोमाग दीदी आल्या. हातात झाकलेला डबा. "भाभी, आपने सबेरे से कुछ ढंग का खाया नहीं होगा. ये आपके लिए अलग से बनाया है, कच्चे केले के कोफ्ते. मसाला मटन वाला ही है, बस प्याज़-लहसुन नहीं डाला. आपके यहाँ अभी नहीं चलता ना." डबा ओट्यावर ठेवून, मुलाच्या केसांतून हात फिरवून त्या गेल्या.

सगळे झोपल्यावर मी ओट्याशी उभी राहून डबा उघडला. एक कोफ्ता खाल्ला, मग दुसरा. मग भात काढून घेतला आणि उरलेला रस्सा त्याच्यावर ओतला. इतकं चांगलं मी कित्येक महिन्यांत खाल्लं नव्हतं, आणि डबा पुसून घेईपर्यंत मला तिचा राग येत होता.