मिटवायचा कागद

"दोन ओळी लिहा मॅडम, मिटून जाईल." हेडमास्तर एवढंच म्हणाले आणि मी शहाणी लिहून मोकळी झाले. नववीतल्या मुलीच्या हातातून मोबाइल ओढून घेताना तिच्या मनगटावर ओरखडा उठला होता. वडील शाळेत आले होते. आमच्या धरणगावात चूक कुणाची ते नंतर, आधी हात जोडायचे. लिहिलं, 'माझी चूक झाली, माफी असावी.'

आठ दिवसांत शिपायानं नोटीस आणून दिली. मारहाणीचा आरोप, पालकांची लेखी तक्रार आणि सोबत माझाच माफीनामा! नोकरीवरून का काढू नये, सात दिवसांत कळवा. माझ्या जागी संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा बसणार, हे गावातलं शेंबडं पोरही सांगत होतं.

जळगावला वकीलबाईंकडे गेले, तर खुर्चीत बूड टेकेना. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कुणाला विचारून लिहिलंत हे?"

"माफी मागायला वकील लागतो का?" मी तडकले.

"लागतो. आता त्या वडिलांना नुसतं विचारा, तक्रार त्यांनीच लिहिली का. घरातलं मोठं माणूस सोबत न्या."

सासऱ्यांना घेऊन गेले. तो बाप नुकताच कापूस वेचून आलेला. मी नोटीस वाचून दाखवली.

"मारहाण? मी कव्हय सांगं? मास्तर बोलना, मिटाडाना कागद शे, सही कर. माले वाचता बी येत नही."

अगं बाई! हेडमास्तरांनी दोघांना एकच थाप मारली होती. संतापानं माझे कान तापले.

"भाऊ, एवढंच मी लिहिते, खाली सही कराल?"

तो मागे सरकला. "आते सही नही. कोनलेच नही. मी सोता येसु, तोंडवर सांगसु."

संस्थेनं चौकशी बोलावली, त्या दिवशी मी शाळेच्या दाराशी नुसत्या येरझाऱ्या घालत होते. दहा वाजले, साडेदहा झाले. हा काही येत नाही, गेली नोकरी! अकराला आला, धुतलेला सदरा घालून, लेकीसकट. सगळ्यांदेखत बोलला. हेडमास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

अध्यक्ष खाकरले. "बरं, झालं गेलं. मॅडम, आपसात मिटलं म्हणून दोन ओळी लिहून द्या."

जित्याची खोड! मी पेन उचललंसुद्धा. तेवढ्यात त्या मुलीनं माझं मनगट घट्ट धरलं. नखं लागली.

"मॅडम, काहीच लिहू नका."

मी पेन अध्यक्षांपुढे ठेवलं. "तुम्ही लिहा, नोटीस मागे घेतली म्हणून. आणि भाऊंना वाचून दाखवा."