नालोंगोची जीभ

युगांडातल्या मसाका शहराच्या टॅक्सी-थांब्यावर केळी भाजून विकणाऱ्या तेओपिस्ताला तिच्या नावाने कुणी हाक मारत नाही. जुळ्या मुली झाल्या तेव्हापासून ती नालोंगो, म्हणजे जुळ्यांची आई. आमच्याकडे हा मोठा मान, आणि त्यासोबत एक सवलतही मिळते: नालोंगोने कितीही चावट बोलावं, कुणी रागवायचं नाही. तेओपिस्ताने ही सवलत पुरेपूर वसूल केली. भले भले ड्रायव्हर तिच्या तोंडाला लागत नसत.

पण त्या सकाळी हॉस्पिटलच्या बाकावर तिची जीभ टाळ्याला चिकटली होती. डाव्या स्तनात गाठ हाताला लागत होती. तिची थोरली बहीण नोएलिना अशाच गाठीने गेली. पाला बांधून लपवत राहिली बिचारी, आणि डॉक्टरपर्यंत पोचली तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. तेओपिस्तानेही लपवलीच असती. पण रविवारी चर्चला निघताना जुळ्यांतली थोरली बाबिर्ये तिच्या झग्याची बटणं लावत होती, तेव्हा धक्का लागून ती कळवळली आणि बिंग फुटलं. बाबिर्येने तिला जवळजवळ ओढतच इथे आणलं.

सोनोग्राफीच्या रांगेत बाकी सगळ्या गरोदर बायका. शेजारच्या पोटुशीने कोपराने ढोसलं.

"काय हो नालोंगो, या वयात? म्हातारबांना बरीच हौस दिसतेय!"

सगळा बाक खिदळला. एरवी तेओपिस्ताने असं उत्तर दिलं असतं की हसता हसता तिथेच कुणाचं बाळंतपण झालं असतं. आज तिने झग्याचा पट्टा तेवढा आवळला.

"आई, बोल ना काहीतरी," बाबिर्ये कुजबुजली. आईला गप्प बसलेलं तिने कधी पाहिलंच नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटत होती.

आत तपासणाऱ्या बाईने वरचे कपडे काढायला लावले, अंगावर चादर दिली, किंचित कुशीवर वळवून डावा हात डोक्यावर ठेवायला सांगितला. "जेल गार लागेल, मावशी. जरा दाबावं लागेल, पण सुईबिई काही नाही."

छातीवरून यंत्र फिरू लागलं. पडद्यावर नुसतं राखाडी धुकं. मग त्यात एक वाटोळा, काळाकुट्ट डाग आला आणि बाईचा हात थांबला.

केळ्यात काळं दिसलं की आत सडलं, एवढं तेओपिस्ताला कळत होतं.

"कापावं लागेल का गं?"

"हलू नका." बाईने तिथेच दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं, यंत्र थोडं खाली सरकवलं. "अजून एक आहे. दोन आहेत."

नोएलिनाची तर एकच होती. तेओपिस्ताने डोळे मिटले. धाकटीला, नाकातोला, कंपालाहून बोलावून घ्यावं, दोघी पोरींना एकदा शेजारी शेजारी बसलेलं बघावं, एवढंच तिच्या मनात आलं.

"अहो, डोळे काय मिटता? असं स्वच्छ काळं दिसतं ते पाणी. पाण्याच्या पिशव्या आहेत या, दोन्ही साध्या. डॉक्टर बघून लिहून देतील, पण घाबरण्यासारखं काही दिसत नाही."

"पाणी?"

"पाणी."

"दोन्हीत?"

"दोन्हीत, मावशी."

जेल पुसता पुसता तेओपिस्ता ढसाढसा रडली. मग झगा नीट केला, डोळे कोरडे केले आणि दार उघडलं. बाबिर्ये ताडकन उठली, पण पोटुशीने आधी विचारलं, "काय निघालं, नालोंगो?"

तेओपिस्ताने कमरेवर हात ठेवले.

"जुळी!" ती ठणठणीत आवाजात म्हणाली. "पण या खेपेला म्हाताऱ्याचा नेम चुकून जरा वर लागला!"

बाबिर्येने पुढे काही विचारलंच नाही. तिने तिथेच फरशीवर फतकल मारली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली.