तामूच्या पाठीवरचा आगीचा पट्टा

सेफ्रू गावातल्या आमच्या मोहल्ल्यात तामूने जिची पाठ घासली नाही अशी बाई शोधून सापडायची नाही. हमामात, म्हणजे आमच्या सार्वजनिक न्हाणीघरात, ती काळा साबण चोळायची, खरखरीत हातमोजा चढवायची आणि अंगावरचा मळ असा काढायची की बाहेर पडताना हलकं हलकं वाटायचं. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तिनेच मला न्हाऊ घातलं. मी रडत होते, तर म्हणाली, "रड पोरी, रड. इथं सगळं पाणीच पाणी, कुणाला कळतंय?"

चेरीचा हंगाम नुकता सुरू झाला होता, तेव्हा या तामूच्या उजव्या बरगडीखाली आग व्हायला लागली. तिला वाटलं, बादल्या उचलून स्नायू धरला असेल. दोन दिवस तशीच कामाला गेली. मग हमामात तामू कपडे बदलत असताना हनिया ओरडलीच. हनिया दाराशी बसून बायकांचे कपडे सांभाळते. तोंडाने फटकळ, पण तामूवर जीव टाकणारी.

"अगं, पाठीवर कुणी निखारे ओतले तुझ्या?"

पाठीच्या कण्यापासून पोटापर्यंत, एकाच बाजूला, पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पट्टा उठला होता. नागीण. आमच्याकडे तिला आगीचा पट्टा म्हणतात, आणि त्याची दोन टोकं जुळली की माणूस संपतो असं घरोघरी सांगतात.

हनियाने तिला घरी नेलं, लसूण ठेचून सिरक्यात कालवला आणि फोडांवर थापला. तामूची किंकाळी माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आली. मी धावत गेले, तर तामू चटईवर पालथी पडलेली आणि हनिया कोपऱ्यात डोळे पुसतेय.

"माझ्या आईला हेच लावलं होतं गं," हनिया म्हणाली.

"मग वाचली कशी बिचारी?" तामू दात आवळून म्हणाली.

तेवढ्यात तिचा नवरा बुअज्जा आला. जन्मभर मोहल्ल्याच्या भट्टीत लोकांच्या रोट्या भाजून दिलेला माणूस. दिवसाकाठी चार वाक्यं बोलला तर खूप. त्याने गार पाण्याने तो लसूण हळूहळू धुऊन काढला आणि म्हणाला, "ऊठ. दवाखान्यात जायचंय."

"हमामात बायका खोळंबल्यात."

"खोळंबू देत. मळ कुठं पळून चाललाय?"

मीही सोबत गेले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी विचारलं, "मावशी, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आल्या होत्या. आमच्या सगळ्या भावंडांना."

"तोच रोग हा. बरा झाला तरी शरीरातून जात नाही, नसांमध्ये झोपून राहतो. वय झालं, अंग थकलं की जागा होतो. वेळेवर आलात, आता गोळ्यांचा उपयोग होईल. गोळ्या चुकवायच्या नाहीत."

"आणि टोकं जुळली तर?" बुअज्जाने विचारलं. तिथे तो बोलला ते तेवढं एकच वाक्य.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सहसा हा एकाच बाजूला राहतो, चाचा. आणि जुळली तरी त्याने कुणी मरत नाही."

घरगुती काय करू, असं मी विचारलं. गार पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ फडकं ठेवा, सैल सुती कपडा घाला, फोड फोडू नका, असं त्यांनी सांगितलं. बाबुनजची, म्हणजे कॅमोमाइलची, फुलं उकळून गार केलेलं पाणी चालेल, पण गोळ्यांच्या जोडीला, गोळ्यांऐवजी नाही. लसूण, सिरका नको. खपल्या धरेपर्यंत हमामही नको, कारण तिथे गरोदर बायका आणि तान्ही बाळं येतात, त्यांना या फोडांतून कांजिण्यांची लागण होऊ शकते.

मग बुअज्जाने घराचा ताबा घेतला. बाबुनज उकळायचं, गाळायचं, मातीच्या माठाशेजारी गार करत ठेवायचं. पहिल्या दिवशी त्याने फडकं इतक्या जोरात दाबलं की तामू उसळली.

"अहो, पाठ आहे ही! कणीक नाही मळायची!"

"मग कसं ठेवू?"

"नुसतं ठेवा. आणि हात काढा."

तो शिकला. भट्टीने राठ झालेले ते हात फडक्याची दोन टोकं धरून असे खाली यायचे, जणू झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालतायत. अंगाला कपडाही सोसवत नव्हता, म्हणून त्याने स्वतःचा जुना झब्बा उसवून तिला सैल करून दिला. टाके वेडेवाकडे होते. तामूने तो घातला आणि पहिल्यांदाच रडली.

"दुखतंय?" त्याने विचारलं.

"दुखतंयच. पण त्याने नाही रडत."

तरी डॉक्टरबाईंच्या बोलण्यावर त्याचा पुरता विश्वास बसला नव्हता. ती झोपली की हळूच वाकून तो डावी बाजू पाहायचा. एकदा तामू डोळे मिटूनच म्हणाली, "काय मग, जुळली का टोकं?"

बुअज्जा दचकला. मग म्हणाला, "नाही. तुला इतक्या लवकर कोण सुटका देतंय?"

हनिया रोज यायची, पण उंबऱ्यावरच बसायची. शेवटी तामूनेच हाक मारली. "आत ये की. चेरी आणल्यास ना? का त्याही सिरक्यात बुडवल्यास?" हनिया हसता हसता रडली आणि बी काढून एकेक चेरी तिला भरवत बसली.

फोड वाळले, खपल्या पडल्या. आग मात्र लवकर गेली नाही. कातडीखाली ठिणगी उडाल्यासारखी कळ यायची. डॉक्टरबाईंनी त्यासाठी वेगळं औषध दिलं. उन्हाळा सरेपर्यंत ती कळ निम्मी झाली. आता तामू पुन्हा हमामात जाते, पण सकाळपुरतीच, आणि बादल्या दुसरी बाई उचलते. कुणी पाठदुखीची तक्रार केली की ती आधी हातमोजा काढून ठेवते आणि ओल्या तळव्याने चाचपून विचारते, "इथं आग होतेय का गं? एकाच बाजूला?"

दुपारी ती घरी येते तेव्हा बुअज्जा जेवायचा थांबलेला असतो.

"तुम्ही खाऊन घ्यायचं होतं," ती म्हणते.

"एकट्याने गोड लागत नाही," तो म्हणतो आणि रोटी मोडून मोठा तुकडा तिच्यापुढे ठेवतो.