शिरेतलं लालभडक रक्त

लॅबमध्ये तिला सगळे पुरावाबाई म्हणायचे. कोणी काही ठासून सांगितलं की ती चष्मा कपाळावर सरकवून विचारायची, "पुरावा?" तिचा नवरा शिंपी. तो म्हणायचा, "हिला पाऊस पडतोय म्हटलं, तर ही खिडकीतून हात बाहेर काढून बघेल."

सव्वीस वर्षं ती एकाच हॉस्पिटलच्या तळमजल्यावर रक्त तपासत होती. एकच गोष्ट मनात सलत राहिलेली. चौदा वर्षांपूर्वी धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्यातला एक कामगार बेशुद्ध होऊन आला होता. सायनाइड असेल का, म्हणून डॉक्टरांनी त्याचं तोंड हुंगलं. पुस्तकात लिहिलेला कडू बदामाचा वास काही आला नाही, आणि तो विचार तिथेच सोडून दिला. माणूस संध्याकाळी गेला. बाहेरच्या प्रयोगशाळेतून अकरा दिवसांनी रिपोर्ट आला: सायनाइड. तेव्हापासून पुरावाबाईने या विषयाचा पिच्छाच पुरवला.

त्या दिवशी दुपारी ती डबा उघडायच्या बेतात होती, तेवढ्यात कॅज्युअल्टीची सिस्टर धावत आली. सोफे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली होती. धुरात अडकलेल्या एका कारागिराला आणलं होतं. अंगावर भाजल्याची खूण नाही, नाकात काजळी, शुद्ध हरपलेली, रक्तदाब घसरत चाललेला.

पुरावाबाईने त्याचं शिरेतलं रक्त मागवलं. आलेली लालभडक सिरिंज हातात घेऊन ती थबकली. "हे धमनीतलं आहे का? मी शिरेतलं मागितलं होतं."

"शिरेतलंच आहे! मी काय आज पहिल्यांदा सुई धरली?"

"रागावू नका हो. दुसऱ्या हातातून पुन्हा घ्या, मी येते बरोबर."

तिच्या डोळ्यांदेखत दुसरा नमुना निघाला. तोही तसाच लालभडक. शिरेतलं रक्त काळपट असायला हवं, कारण त्यातला बराच ऑक्सिजन शरीराने वापरलेला असतो. इथे तो न वापरताच परत येत होता. मशीनने उरलेलं सांगितलं. पेशींना ऑक्सिजन वापरता आला नाही की रक्तात साठणारं लॅक्टेट पंधरा, निरोगी माणसाचं दोनच्या आत. कार्बन मोनॉक्साइड बारा टक्के, म्हणजे या अवस्थेला पुरेल इतका नाही.

ती कागद घेऊन तडक कॅज्युअल्टीच्या डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली. पोरगी नवी होती, पण ऐकून घेणारी.

"फोम जळाला की सायनाइडही निघतं, डॉक्टर. मला हे तेच दिसतंय."

"पण वास तर काहीच येत नाही."

"कित्येकांना तो वास जन्मापासून येत नाही. नाकावर विसंबू नका. धूर, बेशुद्धी, घसरता रक्तदाब आणि हे लॅक्टेट, एवढं एकत्र आलंय."

"सायनाइडचा रिपोर्ट कधी मिळेल?"

"आठवडा तरी जाईल. तोवर हा थांबणार नाही."

पुराव्यासाठी थांबू नका, असं स्वतःच्याच तोंडून ऐकून तिला क्षणभर नवल वाटलं. डॉक्टरीणबाईंनी पलंगाकडे पाहिलं आणि सिस्टरला म्हणाल्या, "उताऱ्याचं औषध काढा."

"आधी एक नळी रक्त घेऊन ठेवा," पुरावाबाई म्हणाली. "औषध लाल आहे, रंगावरून होणाऱ्या चाचण्या नंतर फसतात."

ते गडद लाल औषध पंधरा मिनिटं थेंबाथेंबाने शिरेत गेलं. रक्तदाब आधी थांबला, मग चढू लागला. तासाभराने लॅक्टेट निम्म्यावर आलं. दिवस मावळायच्या आत कारागिराने डोळे उघडले आणि सलाइनची नळी काढा म्हणून हात झटकू लागला.

त्याची बायको मात्र लघवीची पिशवी बघून रडायलाच लागली. "अहो, रक्त जातंय सगळं!"

"रक्त नाही गं, औषधाचा रंग आहे," पुरावाबाईने तिला बाकावर बसवलं. "काही दिवस लघवी अशीच बिटासारखी लाल दिसेल. घाबरू नकोस."

नवव्या दिवशी रिपोर्ट आला. सायनाइडच होतं, आणि भरपूर. डॉक्टरीणबाई तो स्वतः खाली घेऊन आल्या. पुरावाबाईने दोनदा वाचला आणि चष्मा पुसला.

"नव्या डॉक्टरांना हे शिकवाल का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शिकवते की. शनिवारी पाठवा."

पहिल्या शनिवारी तिघं आले. पुढच्या शनिवारी लॅबमधल्या खुर्च्या कमी पडल्या.